इन्सर्टचं बटण गेलं आणि मी स्क्रिप्ट लिहायला लागले: एनव्हीडीए, सात महिन्यांनंतर

जूनमध्ये लॅपटॉपचं इन्सर्ट बटण गेलं. बाकी सगळी ठणठणीत. दुरुस्तीवाला म्हणाला, सुटं बटण मिळत नाही, अख्खा कीबोर्ड बदलावा लागेल, बावीसशे रुपये. एका बटणाचे बावीसशे? लॅपटॉप उचलला आणि घरी आले. डोळस माणसाला इन्सर्ट वर्षातून एकदा लागत असेल. आम्हा अंधांना ते मिनिटाला दहादा लागतं, कारण स्क्रीन रीडरची, म्हणजे पडद्यावरचं वाचून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरची, निम्मी कामं त्याच्या जोडीनेच होतात. झिजणारच.

मी एनव्हीडीए हा स्क्रीन रीडर वापरते याचं पहिलं कारण तो फुकट आहे आणि दुसरंही तेच. त्यातल्या सेटिंग्जमध्ये, कीबोर्डखाली, इन्सर्टऐवजी कॅप्स लॉक निवडता येतं. नंबर पॅडचं इन्सर्ट हाही पर्याय आहे, पण माझ्या लॅपटॉपला नंबर पॅडच नाही. म्हणून कॅप्स लॉक.

पहिले पंधरा दिवस वैताग झाला. कॅप्स लॉक पटापट दोनदा दाबलं की खरोखरचं कॅप्स चालू होतं, आणि माझी बोटं उतावळी. मी काम करते त्या पतसंस्थेच्या सॉफ्टवेअरचा पासवर्ड तीनदा चुकला, खातं लॉक झालं, मॅनेजरसाहेबांपुढे जाऊन उभं राहावं लागलं. तेव्हा मी मैत्रिणीला लिहिलं होतं की कॅप्स लॉकच्या वाटेला जाऊ नकोस. ते मागे घेते. कॅप्स चालू असताना शिफ्टमुळे लहान अक्षर उमटलं तर बीप वाजवायची सोय त्याच सेटिंग्जमध्ये आहे, ती चालू केली आणि प्रश्न मिटला. करंगळी तिथेच असते, हात हलवावाच लागत नाही.

मग चटक लागली. मेनूतून प्रेफरन्सेस, तिथून इनपुट जेश्चर्स. कित्येक कमांडना मुळात कीच दिलेली नसते, ती इथे आपण द्यायची. इथे एक फटका खाल्ला. मी कंट्रोल आणि अर्धविराम ही जोडी एका कमांडला देऊन टाकली. एनव्हीडीएने निमूट घेतली. एक्सेलमध्ये आजची तारीख टाकायची की तीच, हे ध्यानातच आलं नाही. अडीच महिने तारखा हाताने टाइप केल्या आणि दोष एक्सेलला दिला! शेवटी एनव्हीडीए की (म्हणजे आता माझं कॅप्स लॉक) आणि १ दाबून, कुठली की काय करते ते सांगणारं इनपुट हेल्प लावलं, तेव्हा त्याने ती की माझ्याच कमांडच्या नावाने वाचून दाखवली.

आता स्क्रिप्टचं, म्हणजे एनव्हीडीएला नवं काम शिकवणाऱ्या छोट्या प्रोग्रॅमचं. आमच्या सॉफ्टवेअरमध्ये खातं उघडलं की शिल्लक उजवीकडे वरच्या चौकटीत येते. टॅबने तिथे पोचताच येत नाही. आठ वर्षं मी शेजारच्या टेबलाला विचारत होते, "ताई, किती दिसतंय?" एनव्हीडीए पायथन या प्रोग्रॅमिंग भाषेत लिहिलेला आहे, त्यामुळे आपल्या दहाबारा ओळी त्यात घालता येतात. अ‍ॅडव्हान्स्ड सेटिंग्जमध्ये स्क्रॅचपॅड (आपला कोड ठेवायचा फोल्डर) चालू करायचं, त्यातल्या अ‍ॅपमॉड्यूल्स फोल्डरमध्ये सॉफ्टवेअरच्या एक्झी फाइलच्याच नावाची पायथन फाइल ठेवायची. माझी पहिली फाइल डॉट पीवायऐवजी डॉट पीवाय डॉट टीएक्सटी अशी सेव्ह झाली होती, त्यात दोन संध्याकाळी गेल्या. त्यावर जास्त बोलत नाही.

बोलायचंय ते इंडेंटेशनवर. पायथनमध्ये ओळीच्या सुरुवातीला किती जागा सोडली यावर सगळं अवलंबून. ती जागा दिसत नाही, पण ऐकू येते. डॉक्युमेंट फॉर्मॅटिंगमध्ये ओळीच्या इंडेंटेशनसाठी टोन निवडला की ओळ जितकी आत, तितका सूर चढतो. मी हार्मोनियमच्या तीन परीक्षा दिल्या आहेत, मला म्हटलं तर हे खेळणंच मिळालं. फाइल खालीवर करत ऐकत बसायचे: खालचा सूर, वरचा, त्याच्याही वरचा, परत खाली. लय बरोबर वाटत होती. स्क्रिप्ट मात्र चालेना.

एनव्हीडीए की आणि एफ१ ने लॉग, म्हणजे एनव्हीडीएची नोंदवही, उघडला. टॅब आणि स्पेसची सरमिसळ झाली आहे म्हणे. झालं होतं असं की एक ओळ नमुन्यातून उचललेली, तिच्यात टॅब. बाकीच्या माझ्या, चार चार स्पेसच्या. आणि एनव्हीडीएत एका टॅबला सूर चार स्पेसइतकाच चढतो! दोन्हीकडे तोच पंचम. ज्या कानाच्या भरवशावर बसले त्यालाच फसवलं. टोनच्या जोडीने बोलणंही चालू ठेवलं की "टॅब" आणि "चार स्पेस" वेगळं ऐकू येतं, हा उपाय आहे. पण मला विचाराल तर टॅबला निराळा आवाजच हवा, बासरीचा द्या, घंटेचा द्या. सात महिने झाले, हा राग अजून गेलेला नाही. एरवी तक्रार फारशी नाही, ही मात्र मी भेटेल त्याला ऐकवते.

तर, स्क्रिप्ट चालली. एफ९ दाबलं की शिल्लक. (एफ९ ला सॉफ्टवेअरमध्ये दुसरं काही काम नाही ना, हे आधी तपासलं.) काउंटरवर पहिल्या दिवशी सभासदाच्या तोंडून प्रश्न पुरा व्हायच्या आत आकडा सांगितला. शेजारच्या ताईंनी पेन खाली ठेवलं.

दिवाळीनंतर सॉफ्टवेअर अपडेट झालं. भाजीवाल्या काकू पिग्मीची चौकशी करायला आल्या, मी एफ९ दाबलं आणि ऐकलं ते नऊशे ब्याऐंशी कोटी आणि पुढे काही. त्यांचा मोबाइल नंबर होता तो. मी स्क्रिप्टमध्ये "खिडकीतला सातवा घटक वाच" असं लिहिलं होतं आणि कंपनीने मध्ये एक नवीन बटण घुसवलं होतं. चूक माझीच. लॉगमध्ये प्रत्येक घटकाची माहिती येते, त्यात विंडो कंट्रोल आयडी, म्हणजे त्या घटकाच्या ओळखीचा आकडा, असतो. आता स्क्रिप्ट तो आकडा शोधते, क्रमांक मोजत नाही. पुढच्या अपडेटला हेही मोडू शकतं. म्हणून स्क्रिप्टची एक प्रत पेनड्राइव्हवर आहे, आणि महिन्यातून एकदा मी माझ्याच खात्यावर एफ९ दाबून पाहते.

गेल्या आठवड्यात दुरुस्तीवाल्याचा फोन आला. भंगारातल्या लॅपटॉपचा कीबोर्ड मिळालाय, चारशेत बसवतो म्हणाला. बसवून घेतला. इन्सर्ट मस्त चालतंय. हात अजून कॅप्स लॉकवरच जातो, त्यामुळे ते चारशे रुपये फुकट गेले असंच धरते.