माकडहाडाचं दुखणं आणि थेंबाला 2,200 रुपये

1,54,100 रुपये गेले. तपासणी फी 500, ‘पू’ काढण्याचे 1,35,000 आणि त्याने दिलेल्या औषधाच्या पुड्यांचे 18,600. नातेवाइकांत मी हा आकडा कुणाला सांगितलेला नाही. इथे लिहितेय, कारण म्हाताऱ्या माणसांच्या गुडघ्यातून पू काढल्याचं सोंग करून लुबाडणारी ही टोळकी आता माकडहाडापर्यंत पोचली आहेत.

पावसाळ्यात डोंबिवली स्टेशनच्या ओल्या जिन्यावर मी घसरले आणि दाणकन बसले. एक्स-रेत फ्रॅक्चर नव्हतं. हाडांच्या डॉक्टरांनी गोळ्या लिहून दिल्या, ‘होईल हळूहळू’ म्हणाले. झालं नाही. चालताना काही वाटत नाही, पण बसलं की खुपतं आणि खुर्चीतून उठताना कळ थेट मस्तकात जाते. दिवसभर बसून काम करणाऱ्या बाईने कुठे दुखतंय ते ऑफिसात कुणाला सांगायचं? डॉक्टर पुरुष असला की आपण ‘कंबर दुखते’ म्हणून वेळ मारून नेतो. या लोकांचा सगळा धंदा त्या संकोचावर चालतो.

दवाखान्याबाहेर एक नीटनेटकी बाई भेटली. “ताई, आत एका बाजूला कलून बसला होतात, माकडहाड ना? माझ्या सासूबाईंचं अगदी असंच होतं.” दवाखान्याबाहेर आपणहून दुखणं ओळखणाऱ्या माणसाशी एक शब्दही बोलू नका. वैद्य घरी येतात, सोबत बाई असते, असं तिने सांगितलं. ‘सोबत बाई असते’ हे ऐकूनच मी हो म्हटलं, आणि माझ्या जागी असलेली कुणीही म्हटलं असतं.

तो वैद्य आला तेव्हा मी एक्स-रेचं पाकीट पुढे केलं. त्याने ते उघडलंसुद्धा नाही, टीव्हीशेजारी ठेवून दिलं. तिथेच त्याला दाराबाहेर काढायला हवं होतं. कधी पडलात, ताप येतो का, सूज आहे का, एक प्रश्न नाही. नुसतं दाबून म्हणाला, “आत पू साठलाय, मणक्यात चढेल.” माकडहाडाजवळ खरोखर पू झाला तर सूज, लाली, ठणका असतो, बऱ्याचदा तापही, आणि ते काम सर्जनचं असतं. हे मला नंतर कळलं. त्या वेळी मणक्याचं नाव ऐकून पायातलं बळ गेलं.

ब्लेडने बारीक चिरा मारल्या आणि पितळी नळी लावून ओढायला लागला. थेंबाला 2,200 रुपये. मोजायला बसवलं माझ्या मिस्टरांनाच. “साहेब, तुम्हीच मोजा, आमच्यावर विश्वास ठेवू नका.” 68 थेंब झाले, म्हणजे 1,49,600. घासाघीस करून 1,35,000 वर आला, त्यातले 45,000 रोख आणि 90,000 यूपीआयने, दोन वेगवेगळ्या खात्यांवर. कापसावरचं ते पिवळं पाणी मी पाहिलं. वडिलांच्या मधुमेहाच्या जखमेचं ड्रेसिंग मी स्वतः करायचे, पुवाचा वास मला पाठ आहे. याला वासच नव्हता. हे डोक्यात आलंही होतं. पण पालथी पडलेली, चिरांची आग होतेय आणि परका माणूस हातात ब्लेड घेऊन पाठीशी, अशा वेळी भांडण काढायचं धाडस कोण करेल?

आठवड्यात दुखणं तसंच, वर चिरा चिघळल्या. फोन बंद.

पोलीस चौकीत पहिला प्रश्न: “तुमच्या मिस्टरांनीच मोजून दिले ना पैसे? मग फसवणूक कसली?” अर्ज ठेवून जा म्हणाले. भारतीय न्याय संहितेचं कलम 318 हे फसवणुकीचंच आहे, ते मी त्यांना सांगायचं? महापालिकेच्या आरोग्य विभागात गेलो. बोगस डॉक्टर शोधायला समिती असते, पण दवाखान्याचा पत्ता नसेल तर धाड कुठे घालणार, असं उत्तर. वैद्यकांची नोंदणी करणाऱ्या परिषदेकडे लिहिलं, तर तो आमच्याकडे नोंदलेला नाही, पोलिसांत जा. अहो, नोंदलेला नाही हाच तर गुन्हा आहे! नोंदणीशिवाय वैद्यकी करायला बंदी घालणारा कायदा महाराष्ट्रात 1961 पासून आहे. सायबर फसवणुकीच्या 1930 या हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली, तोवर दोन्ही खाती रिकामी. म्हणून सांगते, पैसे यूपीआयने गेले असतील तर लाजत बसू नका, त्याच तासाला 1930 लावा. आम्ही लाजण्यात आठवडा घालवला.

खरे उपचार पुढे मुंबईत एका पेन क्लिनिकमध्ये झाले. तिथल्या डॉक्टरांनी उभं राहून आणि बसून असे दोन एक्स-रे काढले आणि बसल्यावर हाड जागचं सरकतं हे दाखवलं. मागे खाच असलेली उशी, ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंची फिजिओथेरपी, आणि नाहीच भागलं तर मशीनवर बघून इंजेक्शन. हाड काढायची शस्त्रक्रिया क्वचितच लागते. आता मी लोकलमध्ये ठाण्यापर्यंत बसून जाते. पहिल्या डॉक्टरांनी एवढं पाच मिनिटं समजावलं असतं तर ती बाई मला गाठूच शकली नसती.

नोंदणी क्रमांक विचारा, दर थेंबावर असेल तर दार लावून घ्या. चौकीत अर्ज दिलात तर शिक्का मारलेली पोच घेतल्याशिवाय उठू नका. आमची पोच आहे, गुन्हा अजून नोंदलेला नाही. कल्याण-डोंबिवलीत आणखी कुणी याच नळीवाल्याला पैसे दिले असतील तर तुम्हीही अर्ज द्या, एकट्या बाईच्या अर्जाला ते हात लावत नाहीत.