ट्रिमर खालूनच लावायचे की हवेत हलवायचे?

लोणावळ्याहून पुणे लोकल पकडली की कामशेत दुसरं स्टेशन. आम्हा मुंबईकरांचं पॅराग्लायडिंग, म्हणजे कापडी विंगखाली लटकून उडणं, तिथेच, कारण मुंबईत पोलीस पॅराग्लायडरवर वेळोवेळी बंदीचे आदेश काढतात. या रविवारी सोबतच्या मित्राने विचारलं, "नवीन स्पीड ग्लायडर घेतलंय. ट्रिमर खालूनच लावून जाऊ की वर गेल्यावर हलवू?"

ट्रिमर म्हणजे मागच्या रायझरवरचा (विंगच्या दोऱ्या बसायच्या हार्नेसला जोडणाऱ्या पट्ट्यावरचा) बकलमधून जाणारा छोटा पट्टा. सोडला की विंगची मागची कड वर जाते, वेग वाढतो आणि खाली येणंही वाढतं. ओढला की वेग कमी होतो, पण स्टॉल, म्हणजे विंगची उचल संपणं, जवळ येतो. साध्या पॅराग्लायडरचं क्षेत्रफळ 22 ते 30 चौरस मीटर, स्पीड ग्लायडर या लहान, वेगवान प्रकाराचं त्याच्या निम्मं किंवा त्याहून कमी. त्यामुळे पट्टा दोन बोटं हलला तरी अंगाला कळतं.

खालूनच लावून जायचं तर काम जमिनीवर, उभ्याने, दोन्ही पट्टे डोळ्यांनी ताडून होतं. हात ब्रेकवरच, म्हणजे वळायच्या आणि वेग कमी करायच्या दोऱ्यांच्या मुठींवरच, राहतात, नजर डोंगरावर. तोटा एकच. दुपारी वारा वाढला आणि ग्लायडर पुढे सरकेनासं झालं, तर तुमच्याकडे वेग उरलेला नसतो. पण माझ्या मते नवशिक्याने त्या वाऱ्यात वर असूच नये.

हवेत हलवण्यातली खरी मेख ताकदीची आहे. सोडायला अंगठ्याने बकल दाबलं की झालं. ओढताना पट्ट्यावर तुमचंच वजन असतं. सोडणं सोपं, परत आणणं अवघड. आणि सोडलेला ट्रिमर सोडलेलाच राहतो. स्पीड बारचं, म्हणजे वेगासाठी पायाने ढकलायच्या दांडीचं, तसं नाही, पाय उचलला की विंग आपोआप मूळ जागी येते. म्हणून ज्या विंगला बार आहे, तिच्यावर दोन मिनिटांच्या वेगासाठी मी ट्रिमरला हात लावत नाही. बऱ्याच स्पीड ग्लायडरना बार नसतोच, तिथे मात्र पर्याय राहत नाही.

माझं स्वतःचं सांगतो. मागच्या मोसमात डावा पट्टा उजव्यापेक्षा थोडा जास्त सुटला. डावी बाजू पुढे पळाली, ग्लायडर उजवीकडे वळलं, आणि डोंगर उजवीकडेच होता. डावा ब्रेक ओढून बाहेर निघालो, दरीवर सरळ आल्यावर पट्टे सारखे केले. चूक पट्ट्याची नव्हती. डोंगराला खेटून असताना मी वर पट्ट्यांकडे बघत बसलो होतो.

तेव्हापासून हवेत हलवायचेच तर डोंगरापासून लांब, भरपूर उंची असताना, सरळ उडताना, शांत हवेत. ब्रेकच्या मुठी हातातच ठेवून, दोन्ही बाजू एकदम, थोडं थोडं. प्रत्येक टप्प्यानंतर ब्रेक किती जड झालाय ते चाचपायचं. वळणात किंवा हेलकाव्यात नाही. उतरताना ट्रिमर कुठे असावा हे विंगचं मॅन्युअल सांगतं. तिथे तो उंचावर असतानाच आणून ठेवायचा. जमिनीजवळ पट्टा ओढला की विंग क्षणभर उचलते आणि मग फ्लेअरला, म्हणजे टेकताना ब्रेक ओढून वेग मारायला, हवा तो वेग हातात राहत नाही.

एक तपासणी मात्र दोन्ही पद्धतींत चुकत नाही. ट्रिमर पूर्ण सोडून जमिनीवर उभं राहून विंग डोक्यावर उभी करा. ब्रेक सोडलेले असताना मागची कड ओढलेली दिसली, तर ब्रेकच्या दोऱ्या आखूड आहेत. ही विंग तशी उडवू नका.

मित्राला मी म्हटलं, पहिल्या वीस उड्डाणांना मॅन्युअलमधल्या न्यूट्रल खुणेवर लाव आणि विसर. तोवर घरी झोपाळ्याच्या दोन कड्यांना दोन रायझर अडकव, हार्नेसमध्ये बस आणि डोळे मिटून पट्टे ओढ-सोड कर. आई ओरडेल, ओरडू दे. त्याने विचारलं, "आणि झोपाळा?" म्हटलं, तो तेवढ्यापुरता काढून ठेव.