घडीचे पोल, आठ महिने वापरून: लळिंग, पाटणादेवी, तोरणमाळ आणि ५७ वर्षांचे गुडघे

हे पोल, म्हणजे डोंगरात चालताना-पळताना दोन्ही हातांत धरायच्या काठ्या, मी स्वतःच्या पैशांनी घेतलेत, ४,६०० रुपये जोडी, कुणी लिहायला सांगितलेलं नाही. कंपनीचं नाव टाकत नाही कारण याच साच्याचे पोल बाजारात पाच-सहा नावांनी मिळतात आणि घेताना नावापेक्षा प्रकार बघावा लागतो. माझे अॅल्युमिनियमचे आहेत, तीन तुकड्यांत घडी होते, आतून एक दोरी गेलेली असते, ती ताणली की वरच्या तुकड्याचं बटण टक् करून बाहेर येतं आणि पोल ताठ होतो. लांबी फिक्स ११० सेंटीमीटर, वजन एकाचं साधारण २२० ग्रॅम, घडी केली की पाठीवरच्या छोट्या बॅगेला अडकवता येतात.

मी धुळ्याची, जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते, पुढच्या वर्षी रिटायर होणार. पळायला लागले ४९ व्या वर्षी, पण त्याच्या कितीतरी आधीपासून चैत्रात सप्तशृंगी गडावर पायी जायचे, आमच्या गल्लीतल्या बायांबरोबर, रात्री चालायचं दिवसा झाडाखाली पडायचं, त्यामुळे लांब चालायची भीती कधी वाटली नाही. भीती वाटली ती उताराची. ५५ नंतर उजवा गुडघा उतारावर बोलायला लागला, एका डॉक्टरांनी पळणंच बंद करा म्हणून सांगितलं, दुसऱ्यांनी एक्स-रे बघून झीज वयाच्या मानाने ठीक आहे म्हणाले आणि मांड्या मजबूत करायला लावल्या. मी दुसऱ्यांचं ऐकलं. डोक्यात एकच आहे, सिंहगड-राजगड-तोरणा अशी तीन किल्ल्यांवरून जाणारी ५३ किलोमीटरची अल्ट्रा (मॅरेथॉनपेक्षा लांब शर्यत) यंदाच्या डिसेंबरात पूर्ण करायची. त्यासाठी गेल्या जुलैत पोल घेतले.

खरं तर ही माझी दुसरी जोडी. पहिली घेतली ती दुकानदाराच्या सांगण्यावरून, १२० ची, "सगळ्यांना हीच बसते मॅडम". नाही बसत. माझी उंची १५७ सेंटीमीटर. पोल जमिनीवर टेकवून हातात धरला की कोपर काटकोनात यायला पाहिजे, ढोबळ हिशोब म्हणजे उंची गुणिले ०.६८, माझं उत्तर येतं १०७ च्या आसपास, म्हणजे १०५ नाहीतर ११०. त्या १२० वाल्यांनी दोन आठवड्यांत खांदे भरून आले आणि मानेत कळ यायला लागली, मला वाटलं वय झालं, पण वय नव्हतं, लांबी होती. दुकानदाराने बदलून दिले नाहीत, वापरलेत म्हणाला. म्हणून हात जोडून सांगते, आधी घरी टेपने मोजा मग दुकानात जा.

आता फायदा. लळिंगच्या किल्ल्यावर मी आठवड्यातून दोनदा जाते, शहरापासून जवळ, मुंबई-आग्रा रोडला लागूनच आहे, आणि डोंगर लहान म्हणून एका फेरीत फार चढ मिळत नाही, तर खालीवर पाच-सहा फेऱ्या मारायच्या. पोल नसताना चौथ्या फेरीला पाय जड व्हायचे आणि मी हातांनी गुडघे दाबत चढायचे. पोल घेतल्यावर तेच काम दंड आणि पाठ करतात. मजा अशी की घड्याळात हार्टरेट कमी दिसत नाही, उलट दोन-चार ठोके जास्तच असतो, कारण हात पण राबतात ना. पण पायात जे ओझं वाटतं ते कमी होतं, आणि सहाव्या फेरीनंतर सुद्धा पाय माझे असतात. वय वाढलं की हृदयाच्या मिनिटाला जास्तीत जास्त ठोक्यांचा आकडा खाली येतो, २०८ वजा वयाच्या ०.७ पट असा एक हिशोब आहे त्याने माझा साधारण १६८ निघतो, तरुण पोरापोरींसारखं १८० वर धावून चढणं माझ्या नशिबात नाही आणि गरजही नाही. खड्या चढाला जोरात चालायचं, डोंगरातल्या लांब शर्यतीत बहुतेक जण तेच करतात, आणि त्या जोरात चालण्यात पोल सोन्यासारखे आहेत.

पट्टा नीट घालायला शिका. हात खालून वर पट्ट्यात घालायचा आणि मग मूठ, म्हणजे वजन पट्ट्यावर येतं आणि मूठ सैल ठेवता येते. मी पहिला महिनाभर वरून घालत होते आणि मुठी आवळून चढत होते, त्याने मनगटं दुखली. उतारावर मात्र पट्ट्यातून हात काढून घ्या. पडलो तर पोल हाताला अडकून राहतो आणि अंगठा उलटा पिरगळतो, बर्फात घसरत खेळणाऱ्यांना ही दुखापत नेहमीची आहे. बायकांनी तर जास्तच जपायला पाहिजे, पाळी गेल्यावर हाडं भराभर विरळ होतात आणि पडताना आपण हातच पुढे टाकतो. माझ्या हाडांची तपासणी मी पोल घ्यायच्या आधी करून घेतली, टीएमटी (चालत्या पट्ट्यावर हृदयाची तपासणी) पण केली. पन्नाशीनंतर डोंगरात पळायचं असेल तर पोलच्या आधी हा खर्च करा.

आता जे मला उशिरा कळलं ते, आणि या सगळ्यात हेच मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. सप्टेंबर-ऑक्टोबर असे दोन महिने मी उतारावर सगळा भार पोलवर टाकत होते. गुडघा गप्प होता, मी खूश. मग नोव्हेंबरात तोरणमाळला गेलो, शहाद्याकडून पहाटे पोचलो, गाव अकराशे मीटरच्या वर आहे, थंडी मस्त, यशवंत तलावावर धुकं, चढताना काही वाटलं नाही. उतरताना सात पायरीच्या घाटात माझा एक पोल बंदच पडला (कसा ते पुढे लिहिते) आणि राहिलेला सगळा उतार मला पायांवर उतरावा लागला. गुडघ्याला काही झालं नाही पण मांड्यांचा पार भुगा. दोन दिवस वर्गात खुर्चीवरून उठताना टेबल धरावं लागत होतं. कारण साधं आहे, उतरताना मांडीचा स्नायू ताणला जात असतानाच ब्रेक लावत असतो, आणि त्या कामाची सवय त्या कामानेच लागते, चढून लागत नाही, सायकलने लागत नाही. मी पोलच्या आधाराने नेमकी तीच सवय मोडून ठेवली होती. चांगली गोष्ट ही की एकदा नीट उतार उतरला की त्याचं संरक्षण पुढे काही आठवडे टिकतं, म्हणून आता दर दहा-बारा दिवसांनी एक उतार बिनपोलाचा, छोटी पावलं, थोडा थोडा वाढवत. आठवड्यातून दोनदा घरी पायरीवरून एका पायाने हळू खाली उतरायचा व्यायाम, पिंढऱ्यांचा व्यायाम, आणि पाठीवर बॅगेत पुस्तकं भरून उठबशा. साठीकडे जाताना स्नायू आपोआप कमी होतात, त्याला पोल हे उत्तर नाही, वजन उचलणं आणि पोटात डाळ-अंडी-दूध जाणं हे उत्तर आहे. माझ्या ट्रेनिंगचा आठवडा पण मी सात दिवसांचा ठेवत नाही, दहा दिवसांचा ठेवते, कारण लांब पळण्यानंतर मला आता तीन दिवस लागतात, तिशीत एक पुरला असता.

तर तो पोल बंद पडला कसा. पावसाळ्यात पाटणादेवीला गेलो होतो, कन्हेरगडाच्या वाटेने, नागार्जुन गुंफा, सीतेची न्हाणी बघत, गौताळ्याचं जंगल हिरवंगार, आणि खाली वाटेवर आपली काळी माती. ज्यांनी काळ्या मातीत पाय टाकलाय त्यांना सांगायला नको, पोलच्या खालच्या चकतीला ती इतकी चिकटते की प्रत्येक काठीला अर्धा किलोचा गोळा. तीच माती बटणाच्या फटीत गेली, मी घरी येऊन फक्त ओल्या फडक्याने पुसलं आणि घडी करून कपाटात ठेवून दिलं. चूक माझी. वाळल्यावर बटण जाम होत गेलं आणि तोरणमाळला पूर्ण अडकलं, त्यात आतली दोरी पण सैल झालेली, काठी उभीच राहीना. विकणाऱ्याला फोन केला तर दोरी वॉरंटीत येत नाही म्हणाले, कुरियर करा, बघू. मी कुरियर केलं नाही. पाच कंदीलजवळ एक सायकलवाले काका आहेत, त्यांनी मूठ उघडून दोरी ताणून नवी गाठ मारून दिली आणि बटण रॉकेलने धुतलं, पन्नास रुपये घेतले, तेव्हापासून आजपर्यंत तक्रार नाही. आता प्रत्येक पावसाळी फेरीनंतर तुकडे वेगळे करून, धुवून, उघडेच सुकवते. तेल घालू नका, धूळ धरून ठेवतं.

टोकं टंगस्टन कार्बाइड या खूप कडक धातूची आहेत, मुरमाड वाटेवर मस्त पकड घेतात, पण गुळगुळीत काळ्या कातळावर, त्यात ओल्या, सरकतात आणि आवाज तर असा की दात शिवशिवतात. कातळ आणि घाटाचा डांबरी रस्ता दोन्हीकडे रबरी टोपी लावावी लागते. ती टोपी दोनदा हरवली, हा या पोलमधला मला सगळ्यात खटकलेला भाग, घट्ट बसतच नाही. मुठीचा फोम मार्चपासून घामाने ओला राहतो, आपल्याकडच्या उन्हात बुचाच्या लाकडाची मूठ असलेले घेतलेले बरे असं आता वाटतं, थोडे महाग मिळतात. कार्बनचे हलके असतात, पण दगडात अडकून आडवा जोर आला की कार्बन एकदम तुटतो आणि अॅल्युमिनियम वाकतो, वाकलेल्यावर घरी तरी येता येतं. जंगलात आणि वयाने मोठ्यांना मी अॅल्युमिनियमच सांगेन.

अजून एक, हे कुणी सांगत नाही. दोन्ही हातात काठ्या असल्या की खाणं-पिणं राहून जातं. फेब्रुवारीत लळिंगला साडेतीन तासांत मी अर्धा लिटरच पाणी प्याले होते आणि ते लक्षातच आलं नाही, डोकं दुखायला लागलं तेव्हा कळलं. आता घड्याळात दर वीस मिनिटांनी अलार्म, अलार्म वाजला की दोन्ही पोल डाव्या हातात, उजव्याने केळं नाहीतर राजगिऱ्याचा लाडू, लिंबू-मीठ-साखरेचं पाणी दोन घोट. केळ्यांना आपल्याकडे तोटा नाही. नुसतं साधं पाणी ढोसत राहणं पण धोक्याचं, लांब शर्यतीत शरीरातलं मीठ पातळ होतं. आणि दुखतं म्हणून पेनकिलर खाऊन पळू नका, उन्हात, घामात, तासन्तास पळताना ते किडनीवर येतं. एप्रिल-मेमध्ये मी साडेचारला निघून सातच्या आत घरी असते, अंगाला उष्णतेची सवय लागायला दहा-चौदा दिवस लागतात तेवढे दिवस फक्त चालते.

लोक काय म्हणतील हे पण लिहिते कारण बऱ्याच जणी त्यासाठीच पोल घेत नाहीत. लळिंगला शेळ्या चारणारे एक बाबा रोज भेटतात, पहिल्या दिवशी त्यांनी विचारलं, "माय, एक काठीवर काम व्हत नही का, दोन कसाले?" मी त्यांच्या हातात एक दिली, ते दहा पावलं चालून आले, परत दिली आणि म्हणाले हलकी शे. शाळेतल्या एका सहकाऱ्याने मात्र म्हातारपणाची काठी आत्ताच का असं विचारलं होतं आणि ते मला लागलं होतं. त्याला मी मार्को ओल्मोचं सांगितलं, इटलीचा माणूस, २००६ आणि २००७ अशी लागोपाठ दोन वर्षं युरोपातल्या माँ ब्लाँ डोंगराला वळसा घालणारी ती मोठी अल्ट्रा जिंकला, दुसऱ्यांदा जिंकला तेव्हा वय ५८. शर्यत किती मोठी, तर आजच्या घडीला १७० किलोमीटरच्या वर आणि चढ जवळजवळ १०,००० मीटर. त्या शर्यतीत तुम्ही एवढं जरी बघितलंत की किती जण पोल घेऊन चालतात तरी काठीची लाज जाईल. फक्त आपल्या शर्यतीचा नियम आधी वाचा, काही ठिकाणी पोल चालत नाहीत, काही ठिकाणी घेऊन निघालात तर शेवटपर्यंत जवळच ठेवावे लागतात.

पाचपैकी चार देते. एक कापला तो रबरी टोपीचा आणि वॉरंटीच्या उत्तराचा. रोज सपाट रस्त्यावर पळणाऱ्याने घेऊ नयेत, पैसे वाया. गुडघा दुखतो म्हणून कुणी घेणार असेल तर आधी तीन महिने मांड्यांवर काम करा आणि मग घ्या.

ती जुनी १२० ची जोडी घरात पडून होती, ती मी जाऊबाईंना दिली. त्या माझ्यापेक्षा बऱ्याच उंच आहेत, त्यांना बरोबर बसली, कोपर काटकोनात. यंदा चैत्रात गडावर जाताना त्या घेऊन निघणार आहेत, परवा बाजारातून नव्या रबरी टोप्या आणल्या आणि रस्त्यात हरवू नयेत म्हणून त्यांनी त्या दोऱ्याने बांधून टाकल्या. मी पण माझ्या तशाच बांधल्यात.