स्क्रीन झकास, निब खादाड: पेन डिस्प्ले बरेच महिने वापरल्यावर

निब, म्हणजे पेनाचं झिजणारं, बदलता येणारं टोक, पेनाच्या आतच मोडली म्हणून लिहायला बसलोय. नाहीतर सोळा इंची पेन डिस्प्लेबद्दल, म्हणजे ज्यावर थेट पेनाने चित्र काढता येतं अशा स्क्रीनबद्दल, नव्याने सांगण्यासारखं काय आहे? स्पेसिफिकेशन्स सगळ्यांना पाठ आहेत. ८१९२ प्रेशर लेव्हल्स, म्हणजे पेनावरच्या दाबाचे टप्पे, खोक्यावर छापायला छान दिसतात. माझ्या हाताला त्यातल्या तीनच कळतात: हलकी, मध्यम आणि संपादकांचा फोन येऊन गेल्यानंतरची.

सर्व्हिस सेंटरला फोन लावला. वॉरंटी आहे का? आहे. पेनाला? पेनालाही आहे. निबेला? ती कंझ्युमेबल, म्हणजे वापरून संपणारी वस्तू. मग निब अडकून बंद पडलेलं पेन? ते फिजिकल डॅमेज, नवीन घ्या. सुट्या पेनाची किंमत ऐकून मी फोन ठेवला आणि लक्ष्मी रोडजवळच्या गल्लीतल्या घड्याळवाल्याकडे गेलो. त्याने डोळ्याला भिंग लावलं, बारीक चिमट्याने तुकडा ओढून काढला आणि पैसे विचारले तर म्हणाला, ‘‘राहू द्या हो, हे काय काम आहे का?’’ पेन तेव्हापासून ठणठणीत.

गुन्हेगार आहे मॅट फिल्म, म्हणजे स्क्रीनवर चिकटवायचा खरखरीत पारदर्शक पापुद्रा. सुरुवातीला मीच भेटेल त्याला सांगत होतो, की ती लावाच. नुसत्या काचेवर निब सटकते, फिल्मवर कागदासारखी खरखर लागते आणि रेघ ताब्यात राहते. ते अजूनही खरं आहे. पण फिल्म म्हणजे शेवटी पॉलिश पेपरच. आपण पेन नेहमी एकाच कोनात धरतो, त्यामुळे निब एका बाजूने तिरकी झिजते, तिला धार येते आणि ती धार फिल्मवर चरे पाडते. मग चऱ्यावरून जाणारी प्रत्येक रेघ बारीकशी उडी मारते, तीही नेमकी पात्राच्या नाकाच्या शेंड्यावर.

त्यातून मी माझ्या कॉमिकमधल्या संवादांच्या फुग्यातला मजकूर हातानेच लिहितो. माझ्या वेड्यावाकड्या रेषेशेजारी फॉन्ट परका दिसतो. पण प्रत्येक शब्दावर शिरोरेषा, म्हणजे प्रत्येक शब्दाला निबेची एक फरपट. शि. द. फडणीसांची बिनशब्दांची चित्रं मला आवडायचीच, आता त्यांत काटकसरही दिसते.

हा पेन डिस्प्ले घेतला होता अ‍ॅनिमेशनच्या हौसेपायी. ‘क्रिटा’ हे चित्रं काढायचं सॉफ्टवेअर फुकट आहे, त्यात टाइमलाइन आहे, आधीचं चित्र फिकट दाखवणारी अनियन स्किन आहे. सॉफ्टवेअरला एक पैसा घालवू नका. हिशेब मात्र करा. सेकंदाला २४ फ्रेम. एक चित्र दोन फ्रेम टिकवलं तरी १२ चित्रं. २२ मिनिटांच्या एका भागाला १५,८४०. मी नुसता शेपटी हलवणारा कुत्रा काढत होतो, तेवढ्यात एक निब खलास.

तेव्हापासून टीव्हीवरची कार्टून्स मी निबेच्या नजरेने बघतो. हॅना आणि बार्बेरा या अमेरिकन कार्टूनवाल्यांच्या योगी बेअर या अस्वलाच्या गळ्यात कॉलर आणि टाय का असतो? तिथून डोकं धडापासून वेगळं काढता येतं. धड तसंच ठेवायचं, तोंड हलवायचं. जपानचे ओसामु तेझुका तर मूळचे कॉमिकवाले. १९६३ मध्ये ‘अ‍ॅस्ट्रो बॉय’ टीव्हीवर आणताना त्यांनी काढलेली चित्रं जपून ठेवली आणि पुन्हा पुन्हा वापरली. यांना कंजूस म्हणणारे बरेच भेटतात, मी त्यांतला नाही. ‘लोटपोट’ या हिंदी कॉमिक मासिकाच्या पानांतून २०१२ मध्ये टीव्हीवर आलेले मोटू-पतलू थ्रीडी आहेत, तिथे तर निबेचा प्रश्नच मिटला. मला मात्र ते कागदावर जास्त चपळ वाटतात.

माझ्या कुत्र्याच्या गळ्यात आता पट्टा आहे, शेपटी वेगळ्या लेयरवर, म्हणजे चित्राच्या स्वतंत्र थरावर आहे आणि धड एकदाच काढलंय. फारच बरं चाललंय.

फक्त कॉमिक टाकायची असेल तर एवढा खर्च करू नका. उभ्या स्क्रोलची पट्टी ८०० पिक्सेल रुंद, इन्स्टाग्रामची चौकट १०८० बाय १३५०, आणि व्हॉट्सअ‍ॅपवर फिरेपर्यंत तुमची सहीसुद्धा कोणीतरी कापलेली असते. बिनस्क्रीनचा साधा टॅब पुरे, रेघ पाटीवर ओढायची आणि बघायची संगणकावर. अ‍ॅनिमेशन करायचंच असेल तर हा पेन डिस्प्ले घ्या, पण सुट्या पेनाची किंमत आधी विचारा आणि निबांची दोन पाकिटं दुकानदाराकडून घासाघीस करून फुकट मिळवा. फिल्म मी काढून पाहिली, दोन दिवसांत परत लावली. निब मात्र आता दर संकष्टीला चिमट्याने काढून अर्धी फिरवतो.