टीव्ही बॉक्स घेताना: अ‍ॅप नाही, पण का नाही?

गूगल टीव्ही, फायर टीव्ही स्टिक की नाव न ऐकलेला स्वस्त अँड्रॉइड बॉक्स? एखादं अ‍ॅप तिन्हींवर नसू शकतं, पण प्रत्येकाचं कारण वेगळं. घ्यायचं की नाही, ते कारणावर ठरवावं.

कंपन्यांचं भांडण असेल तर फार घाबरू नका. अ‍ॅमेझॉनने 2015 मध्ये गूगलचं टीव्हीला जोडायचं क्रोमकास्ट विकणं बंद केलं. गूगलने 2017 मध्ये अ‍ॅमेझॉनच्या एको शो या पडदेवाल्या स्पीकरवरून यूट्यूब काढलं, ते वर्ष संपता संपता फायर टीव्हीवरूनही. स्टिकवाले फायरफॉक्स किंवा सिल्क ब्राउझरमधून यूट्यूब बघत राहिले. जुलै 2019 मध्ये यूट्यूब फायर टीव्हीवर परतलं आणि प्राइम व्हिडिओ क्रोमकास्टवर आलं. मोठ्या कंपन्यांना एकमेकांचे ग्राहक हवेच असतात.

यंत्र वापरणारेच थोडे असतील, तर मात्र किती थांबावं लागेल याचा भरवसा नाही. डोळ्यांवर घालायचा 3,499 डॉलरचा अ‍ॅपल व्हिजन प्रो फेब्रुवारी 2024 मध्ये आला, तेव्हा नेटफ्लिक्स आणि यूट्यूबने आयपॅडचं तयार अ‍ॅपसुद्धा त्यावर चालू दिलं नाही. ब्राउझरमधून बघता येत होतं, पण डाउनलोड नाही. म्हणजे विमानात काही उपयोग नव्हता.

खरी फसगत स्वस्त बॉक्सवर होते. नेटफ्लिक्स प्रत्येक मॉडेल तपासून मान्यता देतं, शिवाय वाइडवाइनची, म्हणजे व्हिडिओची चोरी रोखणाऱ्या गूगलच्या कुलपाची, एल1 पातळी लागते. एल1 मध्ये व्हिडिओचं कुलूप चिपच्या सुरक्षित भागात उघडतं, एल3 मध्ये नुसत्या सॉफ्टवेअरने. त्यामुळे खोक्यावर ‘4के’ छापलेलं असलं तरी एल3 वर नेटफ्लिक्स एसडीतच, म्हणजे कमी स्पष्ट चित्रातच, अडकतं. बाहेरून एपीके (अँड्रॉइड अ‍ॅपची फाइल) टाकलं तर फोनचं अ‍ॅप येतं, ते रिमोटला दाद देत नाही, माउस लागतो. वनप्लसचा पहिला टीव्ही 2019 मध्ये नेटफ्लिक्सविना आला आणि ते नंतर मिळालं. पण त्यामागे पाठपुरावा करणारी कंपनी होती. निनावी बॉक्सला असा वाली नसतो, म्हणून तो घेऊच नये.

फायर टीव्हीतही आता बघून घ्यावं लागतं. 2025 चा फायर टीव्ही स्टिक 4के सिलेक्ट अ‍ॅमेझॉनच्या स्वतःच्या वेगा ओएसवर चालतो. ते अँड्रॉइड नाही, त्यामुळे एपीके बाहेरून टाकता येत नाही आणि अ‍ॅप नव्याने लिहावं लागतं. छोट्या कंपन्या हा खर्च उशिरा करतात. झी5 किंवा अल्ट्रा झकाससाठीच स्टिक घेत असाल, तर अ‍ॅमेझॉनच्या अ‍ॅपस्टोअरमध्ये नेमक्या त्या मॉडेलसाठी अ‍ॅप आहे का ते बघा. सगळ्यात कमी कटकट मान्यताप्राप्त गूगल टीव्हीवर.

बॉक्स घरी आला की प्ले स्टोअर उघडा. टीव्हीचं न दिसता फोनचं दिसलं, तर गूगलची मान्यता नाही समजा. मग डीआरएम इन्फो अ‍ॅपमध्ये वाइडवाइनची ‘सिक्युरिटी लेव्हल’ बघा. एल3 दिसली तर परतीची मुदत संपायच्या आत बॉक्स परत करा. अपडेटने ती बहुधा बदलत नाही.