जुन्या ऑसिलोस्कोपच्या जुळणीसाठी टेक्ट्रॉनिक्स पीजी ५०६

जुन्या अ‍ॅनालॉग ऑसिलोस्कोपची जुळणी करताना, म्हणजे त्याचा प्रतिसाद अचूक करताना, व्हर्टिकल अ‍ॅम्प्लिफायरमधील ट्रिमर (जुळणीचे छोटे फिरते घटक) फिरवण्यापूर्वी एक खात्री असावीच लागते: पडद्यावर दिसणारा ओव्हरशूट (लहरीने अंतिम पातळीच्या वर मारलेली उसळी) ऑसिलोस्कोपमधला आहे, चाचणीची लहर देणाऱ्या जनरेटरमधून आलेला नाही. सुस्थितीतला पीजी ५०६ हा टेक्ट्रॉनिक्सचा कॅलिब्रेशन जनरेटर ही खात्री आजही देतो. त्यामुळे १९७२ साली आलेल्या टेक्ट्रॉनिक्स ४६५सारख्या १०० मेगाहर्ट्‌झच्या ऑसिलोस्कोपसाठी मी तो निःसंकोच सुचवीन.

त्याच्या ‘फास्ट राइज’ आउटपुटचा राइज टाइम (लहर खालून वर चढायला लागणारा वेळ) ५० ओहमच्या भारावर १ नॅनोसेकंद किंवा त्याहून कमी आहे. मात्र त्याचे खरे मोल वेगापेक्षा कड (लहरीचा उभा चढ) चढून गेल्यानंतरच्या सपाटीत आहे. धन आउटपुट ऋण व्होल्टेजपासून वर चढून शून्यावर येऊन थांबते, म्हणजे पाहण्याजोगा भाग सुरू होतो तेव्हा जनरेटर प्रवाह बंद करून बाजूला झालेला असतो आणि त्याच्या स्वतःच्या स्थिरावण्याची छाया त्या सपाटीवर फारशी पडत नाही. ही रचना मला अतिशय विचारपूर्वक केलेली वाटते. शिवाय आवर्तकाळ बदलता येत असल्याने कड आणि सपाटी मिळतात त्या कोपऱ्यापासून काही नॅनोसेकंदांवर परिणाम करणारे ट्रिमर आणि मायक्रोसेकंदांच्या टप्प्यात जाणवणारा उतार, दोन्ही एकाच उपकरणाने तपासता येतात.

हल्ली मिळणारे ४० पिकोसेकंद राइज टाइमचे छोटे पल्सर (तीव्र कडेच्या लहरी देणारी उपकरणे) या बाबतीत मागे पडतात. त्यांतला १० मेगाहर्ट्‌झवर चालणारा पल्सर घेतला, तर ५० नॅनोसेकंदांतच सपाटी संपते. राइज टाइम मोजायला तो उत्तम, पण जुळणीचे अर्धे काम त्याला दिसतच नाही. २एन२३६९ ट्रान्झिस्टरच्या अ‍ॅव्हलँच पल्सरचेही तेच: कड तीव्र असते, माथा मात्र क्षणात ओसरतो.

पीजी ५०६ची मर्यादा २०० मेगाहर्ट्‌झच्या टेक्ट्रॉनिक्स ४७५ ऑसिलोस्कोपवर स्पष्ट होते. राइज टाइमच्या वर्गांची बेरीज करून वर्गमूळ घेतल्यास, १ नॅनोसेकंदाची कड ४६५चे ३.५ नॅनोसेकंद सुमारे ३.६४ करून दाखवते, आणि चार टक्क्यांचा हा फरक हिशेबात वजा करता येतो. पण ४७५चे १.७५ नॅनोसेकंद थेट २.०च्या वर जातात. तिथे पीजी ५०६च्या ‘हाय अ‍ॅम्प्लिट्यूड’ आउटपुटवर चालणारा, १२५ पिकोसेकंदांचा टनेल डायोड पल्सर जोडणे हाच योग्य मार्ग आहे.

पीजी ५०६ टीएम ५०० मालिकेच्या मेनफ्रेमशिवाय (ज्यात तो बसवायचा त्या वीजपुरवठा करणाऱ्या सांगाड्याशिवाय) चालत नाही, हे खरेदीपूर्वी ध्यानात घ्यावे. ऑसिलोस्कोपच्या पडद्यावर ५ मिलिव्होल्ट प्रति चौकोन या पट्टीवर काम करताना १०:१चा ५० ओहमचा अ‍ॅटेन्युएटरही (संकेत कमी करणारा घटक) लागतो, कारण आउटपुट १०० मिलिव्होल्टच्या फारसे खाली येत नाही.

केबलच्या टोकाला लागणाऱ्या ५० ओहमच्या भाराच्या, म्हणजे टर्मिनेटरच्या, बाबतीत तडजोड करू नये. तो फीड-थ्रू प्रकारचा (संकेत आरपार जाऊ देणारा) असावा आणि ऑसिलोस्कोपच्या इनपुटवरच बसवावा. तसे केले तरीही २० पिकोफॅरडचे इनपुट २५ ओहमच्या परिणामी रोधाशी (५० ओहमचा स्रोत आणि ५० ओहमचा टर्मिनेटर समांतर) मिळून सुमारे १.१ नॅनोसेकंदाचा राइज टाइम निर्माण करते. त्यात फीड-थ्रूऐवजी वापरलेल्या टी-जोडणीतून आलेले परावर्तन (परत फिरलेला संकेत) मिसळले, तर नेमका कोपराच विकृत दिसतो आणि निर्दोष अ‍ॅम्प्लिफायरचे ट्रिमर त्या परावर्तनाला झाकण्यासाठी फिरवले जातात.