पायथन काही महिने वापरल्यावर: भाषा आवडली, पण ‘ओपन’वरचा राग जात नाही

माझी चुकलेल्या शब्दांची यादी गेली, म्हणून हे लिहायला बसले आहे. नाहीतर पायथन या प्रोग्रामिंगच्या भाषेबद्दल चारच ओळी लिहिल्या असत्या आणि त्या सगळ्या कौतुकाच्या असत्या.

शिकता शिकता सरावासाठी मी एक छोटा प्रोग्राम लिहिला होता. तो स्क्रीनवर मराठी शब्दाचा अर्थ दाखवतो आणि मी शब्द टाइप करते. चुकला तर तो शब्द एका टेक्स्ट फाइलमध्ये जातो आणि पुढच्या वेळी आधी विचारला जातो. व्हेरिएबल, लिस्ट, फॉर लूप, फंक्शन, फाइल, म्हणजे नवशिक्याला जे जे शिकवतात ते सगळं त्यात वापरलेलं आहे. लिनक्स असलेल्या लॅपटॉपवर हा प्रोग्राम कधी अडखळला नाही. मग तोच फोल्डर जसाच्या तसा विंडोजच्या संगणकावर नेला. प्रोग्राम सुरू झाला, मराठी प्रश्न नीट दिसले, मराठी उत्तरं नीट टाइप झाली, आणि शेवटी यादी जतन करताना ‘युनिकोडएन्कोडएरर’ येऊन सगळं थांबलं. फाइल उघडून पाहिली तर शून्य बाइट. नवी यादी लिहिली गेली नव्हती आणि जुनीही उरली नव्हती.

कारण असं की फाइल उघडणाऱ्या ‘ओपन’ या फंक्शनला ती कोणत्या एन्कोडिंगमध्ये, म्हणजे अक्षरं बाइटमध्ये बदलायच्या कोणत्या पद्धतीने, लिहायची हे सांगितलं नाही, तर ते आपल्या मनाने संगणकाच्या जुन्या सेटिंगला विचारतं. लिनक्सवर उत्तर येतं यूटीएफ-८, ज्यात देवनागरी बसते. अनेक विंडोज संगणकांवर उत्तर येतं सीपी १२५२, जे पश्चिम युरोपातल्या भाषांसाठी बनवलेलं आहे आणि ज्यात देवनागरीचं एकही अक्षर नाही. शिवाय ‘डब्ल्यू’ मोडमध्ये, म्हणजे लिहिण्यासाठी, फाइल उघडली की ती त्याच क्षणी रिकामी होते, लिहिणं त्यानंतर सुरू होतं. म्हणजे आधी जुना मजकूर पुसला जातो आणि मग कळतं की नवा लिहिता येणार नाही.

याचा राग येण्याचं खरं कारण वेगळं आहे. पायथन ३ मध्ये बाकी सगळीकडे हा प्रश्न सुटलेला आहे. २००८ मध्ये तिसरी आवृत्ती आली तेव्हा जुन्या प्रोग्रामशी असलेली सुसंगती तोडून स्ट्रिंग, म्हणजे प्रोग्राममधला मजकूर, पूर्णपणे युनिकोड, म्हणजे जगभरच्या लिप्यांना सामावणारी, केली गेली. प्रोग्रामची स्वतःची फाइल आपोआप यूटीएफ-८ धरली जाते, त्यामुळे कोडमध्ये मराठी वाक्यं बिनधास्त लिहिता येतात. विंडोजच्या काळ्या खिडकीत मराठी छापणं आणि टाइप करणं ३.६ या आवृत्तीपासून सुधारलं. एवढं सगळं केल्यावर फाइलच्या दारात मात्र तोच जुना पहारेकरी बसवून ठेवला आहे. माझ्या प्रोग्रामला मराठी बोलता येतं, ऐकता येतं, पण लिहून ठेवता येत नाही, आणि ते त्याला कळतं अगदी शेवटच्या ओळीवर.

मग मी मुद्दाम उलटं करून पाहिलं. मराठी शब्दांची यूटीएफ-८ फाइल घेतली आणि विंडोजवर एन्कोडिंग न सांगता वाचली. हे जास्त भयंकर निघालं. ‘शब्द’ हा शब्द आला की एरर येते, कारण जोडाक्षरातला हलन्त यूटीएफ-८ मध्ये तीन बाइटचा असतो आणि त्यातल्या तिसऱ्या बाइटला सीपी १२५२ मध्ये कोणतंच चिन्ह नेमलेलं नाही. ऱ्हस्व उकाराचंही तेच, ‘झ’चंही तेच. पण फाइलमध्ये फक्त ‘कमल’, ‘गगन’, ‘सरळ’ असे साधे शब्द असले तर एरर येतच नाही! प्रोग्राम चालतो, आणि प्रत्येक अक्षराच्या जागी तीन तीन अनोळखी चिन्हं हातात पडतात. ‘कमल’ची लांबी नऊ भरते. नवशिक्या माणूस साध्या शब्दांनीच सुरुवात करणार. त्याला वाटणार की आपलाच लूप बिघडला आहे, आणि तो तासन् तास लूपमध्ये शोधत बसणार.

उपाय एका ओळीचा आहे. ‘ओपन’च्या कंसात फाइलच्या नावाबरोबर एन्कोडिंग म्हणजे यूटीएफ-८ एवढं लिहायचं. वाचताना लिहायचं आणि लिहितानाही लिहायचं, विसरायचं नाही. ३.१० मध्ये याबद्दल इशारा देण्याची सोय आली, पण ती मुद्दाम चालू करावी लागते, आणि ज्याला ती चालू करायची हे माहीत आहे त्याला इशाऱ्याची गरज उरलेली नसते. ३.१५ पासून मात्र सगळीकडे यूटीएफ-८ हेच गृहीत धरायचं असं ठरलं आहे. निर्णय योग्य आहे. फार उशिराचा आहे.

आता कोर्सबद्दल. मी पैसे भरून एक ऑनलाइन कोर्स घेतला होता, नाव लिहीत नाही. माझ्या प्रोग्राममध्ये फाइल वाचायची ओळ पायथनच्या अधिकृत ट्यूटोरियलवरून आलेली आहे आणि फाइलमध्ये लिहायची ओळ त्या कोर्सच्या धड्यावरून. ट्यूटोरियलच्या उदाहरणात एन्कोडिंग स्पष्ट लिहिलेलं आहे, शिवाय ते का लिहावं हेही शेजारीच सांगितलेलं आहे. कोर्सच्या धड्यात त्याचा उल्लेख नाही. म्हणजे फुकटची ओळ बरोबर चालली आणि विकतच्या ओळीने यादी घालवली. मी शंका विचारायच्या जागी सगळा तपशील लिहून पाठवला. उत्तर आलं की मजकूर इंग्रजी अक्षरांत लिहा, अडचण येणार नाही. मी पुन्हा लिहिलं की अडचण माझ्या मजकुरात नाही, धड्यातल्या एका ओळीत आहे आणि ती सुधारायला एक मिनिट पुरेल. त्यावर शंका सुटली आहे असं दाखवून त्यांनी ती बंद केली. शिकणाऱ्याला स्वतःच्या भाषेत लिहू नकोस असं सांगणं ही मदत नाही.

ज्यांना पैसे जपून वापरायचे आहेत त्यांना माझं स्पष्ट मत सांगते: मूलभूत पायथनसाठी कोर्सवर खर्च करू नका. भाषा फुकट, तिच्याबरोबर येणारा आयडल हा एडिटर फुकट, अधिकृत ट्यूटोरियल फुकट, आणि ‘हेल्प’ हे फंक्शन तर प्रॉम्प्टवरच, म्हणजे पायथन आज्ञेची वाट पाहतो तिथेच, हजर असतं. कोर्सचे व्हिडिओ जुन्या आवृत्तीवर बनवलेले असतील तर उलट नुकसानच होतं, कारण नव्या आवृत्त्यांतली सगळ्यात चांगली गोष्टच त्यांत दिसत नाही.

ती गोष्ट म्हणजे एररचे संदेश. ३.१० च्या आधी कंस बंद करायचा राहिला तर पायथन भलत्याच, पुढच्या ओळीकडे बोट दाखवून नुसतं ‘इन्व्हॅलिड सिंटॅक्स’ म्हणायचा. आता तो सांगतो की हा कंस उघडला पण बंद झालाच नाही, आणि नेमका तोच कंस दाखवतो. कोलन राहिला तर कोलन अपेक्षित होता म्हणतो. ‘प्रिंट’मधलं एक अक्षर गाळलं तर तुम्हाला ‘प्रिंट’ म्हणायचं होतं का, असं विचारतो. ३.११ पासून ओळीतल्या नेमक्या कोणत्या भागात बिघाड आहे त्याखाली खुणा येतात, ३.१३ मध्ये त्या संदेशांना रंग आले. नवशिक्याचा निम्मा वेळ एरर वाचण्यात जातो, त्यामुळे या सुधारणांचं मोल मला कोणत्याही नव्या सुविधेपेक्षा जास्त वाटतं. संदेश शेवटच्या ओळीकडून वर वाचत जायचा, एवढी एक सवय लागली की भीती संपते.

इंडेंटेशनवर, म्हणजे ओळीच्या सुरुवातीला मोकळी जागा सोडण्याच्या सक्तीवर, खूप लोक चिडतात. मला ते पहिल्या आठवड्यातच आवडलं. चार स्पेस द्यायच्या, टॅब आणि स्पेस मिसळायचे नाहीत, मिसळले आणि गोंधळ झाला तर पायथन ३ स्वतःच अडवतो. कोणती ओळ कोणत्या लूपच्या पोटात आहे हे डोळ्यांना दिसतं. आकड्यांची रांग देणाऱ्या ‘रेंज’मध्ये शेवटचा आकडा धरला जात नाही आणि मोजणी शून्यापासून होते, याचीही सवय होते. एक लिस्ट दुसऱ्या नावाला दिली की नवी प्रत तयार होत नाही, एकाच लिस्टला दोन नावं पडतात, हे मात्र प्रत्येकाने स्वतः प्रॉम्प्टवर करून पाहावं. दशांशांचंही तसंच. ०.१ आणि ०.२ यांची बेरीज छापून पाहा, ०.३ च्या पुढे शून्यांची रांग आणि शेवटी एक ४ दिसेल. संगणक हे आकडे द्विमान पद्धतीने साठवतो आणि त्या पद्धतीत ०.१ नेमका बसत नाही. बहुतेक भाषांत हे असंच आहे, त्यामुळे इथे पायथनला दोष देणं योग्य नाही.

एका बाबतीत माझं मत मधेच पूर्ण बदललं. ‘लेन’ या लांबी मोजणाऱ्या फंक्शनला ‘नमस्ते’ची लांबी विचारली की ६ येते. न, म, स, हलन्त, त आणि एकाराची मात्रा, सगळे सुटे मोजले जातात. स्ट्रिंग उलटी केली की मात्रा सगळ्यात पुढे येऊन लटकते. मला हे फार खटकलं होतं, आणि ही भाषा मराठीसाठी कच्ची आहे असं माझं ठाम मत झालं होतं.

मग माझ्या शब्दांच्या प्रोग्राममध्ये एक विचित्र प्रकार सुरू झाला. ‘दुसऱ्या’ हे उत्तर अचूक टाइप केलं तरी तो चूक म्हणायचा. स्क्रीनवर दोन्ही शब्द अगदी सारखे. दोन्हींची ‘लेन’ काढली तेव्हा एकाची लांबी दुसऱ्यापेक्षा एकने जास्त निघाली. अक्षर अक्षर सुटं करून पाहिल्यावर कळलं की आपला अर्धा र दोन प्रकारे टाइप होतो. काही कीबोर्ड त्यासाठी युनिकोडमधला वेगळा ‘ऱ’ वापरतात, तर काही साधा ‘र’, हलन्त आणि त्यापुढे एक न दिसणारं जोडचिन्ह टाकतात. डोळ्याला फरक दिसत नाही, पायथनला दिसतो. ‘लेन’ने जर मला हवी होती तशी ‘दिसतील तेवढीच’ अक्षरं मोजली असती, तर हा दोष मला कधीच सापडला नसता. आता उत्तर तपासण्याआधी मी दोन्ही रूपं ‘रिप्लेस’ने एकसारखी करून घेते. तेच न दिसणारं चिन्ह व्हेरिएबलच्या नावात आलं तर पायथन सरळ एरर देतो आणि त्या चिन्हाचा युनिकोड क्रमांकही सांगतो. हो, व्हेरिएबलची नावं देवनागरीत ठेवता येतात. फंक्शनची नावंही. ‘इफ’, ‘फॉर’, ‘डेफ’ यांसारखे राखीव शब्द तेवढे इंग्रजीच राहतात.

आणि एक गोष्ट जी कोणी सांगितली नव्हती. ‘इनपुट’ कायम स्ट्रिंग देतं, म्हणून आकडा हवा असेल तर त्याला ‘इंट’मधून काढावं लागतं, हे सगळे धडे शिकवतात. किती शब्द विचारायचे या प्रश्नाला मी मराठी कीबोर्ड चालू असतानाच १२ टाइप केलं. देवनागरी १२. एरर येईल अशीच खात्री होती. पण ‘इंट’ने तो आकडा निमूट स्वीकारला आणि बारा शब्द विचारले. ‘फ्लोट’लाही देवनागरी १.५ चालतं. कोडमध्ये थेट देवनागरी आकडा लिहिला तर मात्र चालत नाही, आणि उत्तर छापताना आकडे इंग्रजीच येतात. तरीही त्या क्षणी जो आनंद झाला तो खरा होता. कुणीतरी या भाषेचा पाया घालताना आपल्या अंकांचाही विचार केलेला आहे.

म्हणूनच ‘ओपन’ जास्त लागतं. जिथे ‘इंट’ला देवनागरी आकडे कळतात, तिथे फाइल जतन करताना देवनागरी मजकूर फेकला जावा?

सध्या मी अशी व्यवस्था ठेवली आहे. प्रत्येक ‘ओपन’मध्ये एन्कोडिंग लिहिलेलं असतंच. यादी आधी वेगळ्या नावाच्या फाइलमध्ये लिहिते, ती पूर्ण लिहून झाली की मगच ‘ओएस’ मॉड्यूलमधल्या ‘रिप्लेस’ने जुन्या फाइलच्या जागी ठेवते, म्हणजे मधे काही बिघडलं तरी जुनी यादी शाबूत राहते. पायथन शिकायला घेणाऱ्यांनी ३.१३ किंवा त्यापुढची आवृत्ती घ्यावी, आणि फाइलच्या धड्याला पोहोचलात की पहिला प्रयोग जोडाक्षर असलेल्या मराठी शब्दावर करावा, तोही रिकाम्या फाइलवर. कोर्सचं नूतनीकरण मी केलेलं नाही. त्यांच्या धड्यातली ती ओळ अजून तशीच आहे.